नऊ लग्नं जुळवणारा वाल्मीक

जामनेरला स्टँडसमोर वाल्मीकचं सायकलचं दुकान होतं. पाटी वडिलांच्या नावाची. जळगावला त्याच्यासोबत बी.कॉम. झालेल्यांच्या चौकशीला मुलीकडचे त्याच्याकडेच यायचे. कोण बँकेत चिकटला, कोणाला टक्कल पडलं, सगळं त्याला त्यातूनच कळायचं. त्याच्या शब्दावर नऊ मित्रांची लग्नं झाली. तो मात्र अजून बिनलग्नाचाच.

एके दिवशी धुळ्याकडचे एक आबा आले. "तुमच्या वर्गातला वाल्मीक चौधरी कसा आहे?"

आपणच तो, हे वाल्मीकनं सांगितलंच नाही.

"सोनं आहे, आबा! सुपारीचंही व्यसन नाही. आजवर कुणाला उलटून बोलला नाही."

आबा हळहळत उठले. "मंग नको रे भाऊ. आमनी पोर भलती भांडखोर शे. इतला गरीब पोऱ्याना जीव कसाले घेऊ?"