चाळीस कोयते

धोंडीराम मुकादमाचं दुखणं एवढंच, की ऊसतोड्यांच्या वस्तीवर चहाचा पहिला कप आधी त्याला मिळायचा आणि हल्ली तो मुक्ताबाईला मिळू लागला होता. मुक्ताबाई स्वतः ऊस तोडणारी. पण गावानं तीन वॉर्डांत वाटून टाकलेली वस्ती तिनं तहसिलीत हरकत घेऊन एका वॉर्डात आणली, घरोघर फिरून मतदार नोंदवले, आणि वर ग्रामपंचायतीला मुकादमाच्याच विरोधात उभी राहिली.

"तुमी एवढं जळता कावून?" बायकोनं विचारलं.

"मी कशाला जळू?" मुकादम करवादला. "वस्तीत चाळीस कोयते, म्हंजे चाळीस मतं. गावातली साठ आपली हायत. नाचू दे तिला."

मोजणी झाली. मुक्ताबाईला एक्क्याऐंशी, मुकादमाला एकोणसाठ.

"घोटाळा हाय! चाळीस कोयत्यांची इतकी मतं निघत्यातच कशी?"

"मुकादम," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली, "ऊस तोडायला नेताना तुमी नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरता. मत द्यायला दोघं येगळी असत्यात."

मुकादमानं बोटांवर हिशेब केला. "चाळीस दुणे ऐंशी, कबूल. मंग हे वरचं एक कुठलं?"



 

संध्याकाळी मुक्ताबाई रीतीप्रमाणं मुकादमाच्या घरी पेढे द्यायला आली, तेव्हा त्याच्या बायकोनं चहा केला आणि पहिला कप तिच्या हातात दिला.