सतरा मिनिटं

चार वर्षं हाडाची काडं करून तिने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लोखंडाला गंज चढू न देणारा लेप तयार केला. कंपनीशी करार झाला तेव्हा तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "अगं, सही माझी असली तरी पेटंटवर पहिलं नाव तुझंच." सरांचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

आज कंपनीच्या सभागृहात त्याच पेटंटचा समारंभ होता. तिला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. पडद्यावर सरांचं नाव होतं, संचालकांचं होतं आणि खाली लेपाची कृती. तिने दोनदा वाचलं. तिसरं नाव नव्हतंच.

एका इंजिनिअरने विचारलं, "सर, मिश्रण सतराच मिनिटं का ढवळायचं? पंधरा का नाही?"

सर गालातल्या गालात हसले. "त्या सतरा मिनिटांमागे माझी चार वर्षांची तपश्चर्या आहे."

तिने मान खाली घातली. वहीत ती सतरा मिनिटं तिनेच लिहिली होती. मिश्रण यंत्रावर ढवळायला लावून ती रोज तीन मजले उतरून सरांसाठी बिनसाखरेचा चहा आणायला जायची. जाऊन यायला तेवढाच वेळ लागायचा.