साईराजचा क्लास

चेणे गावातल्या बालगृहात समुपदेशक ताई येणार असली की सतरा वर्षांचा साईराज आदल्या दिवशीच छोट्या पोरांचा क्लास घ्यायचा. "झोप लागते का विचारलं तर हो बोलायचं. रडू येतं का विचारलं तर 'कधी कधी' बोलायचं. 'कधीच नाही' बोललात तर त्यांना डाउट येतो." मागच्या वेळी रोशनने सगळं खरं सांगितलं होतं आणि आठवड्याभरात त्याचा पलंग रिकामा झाला होता. नवीन आलेला अनिश तर रोज झोपेत किंचाळून उठायचा. त्यालाही असंच कुठेतरी पाठवून देतील, याचीच साईराजला भीती होती. आज ताई एकेका पोराशी बोलली आणि शेवटी तिने साईराजला आत बोलावलं. "सगळे एकाच सुरात 'कधी कधी' बोलतायत. मास्तर तूच ना?" साईराज उभ्या उभ्याच म्हणाला, "मग काय करू? खरं बोललं की उचलून नेतात. रोशनला नेलाच ना." ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, रोशनला त्याच्या मामाने घरी नेलंय, नवघरला. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?" साईराज दाराशी गेला. मग त्याने दारातूनच अनिशला हाक मारली. "ये रे. ताईला रात्रीचं सगळं खरं खरं सांग." अनिशने आधी ताईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सगळं? दादा, तू पांघरुणात तोंड घालून रडतोस, ते पण सांगू?" ताई हसली नाही. तिने बाजूची खुर्ची पुढे सरकवली, आणि साईराज बसला.