हिऱ्यांची शेवटची जोडी

"टक्" असा बारीक आवाज झाला आणि ताईने कपाळावर हात मारून घेतला. हिऱ्यांची आणखी एक जोडी गेली. आता कपाटात एकच उरली होती. तीही फुटली तर हा प्रयोग कायमचा बंद, असं प्रयोगशाळेच्या संचालक बाईंनी स्पष्ट बजावलं होतं.

प्रयोग चालला होता धाकट्या भावाच्या भाकितावर. तो वरच्या मजल्यावर संगणकावर गणितं मांडून नवे पदार्थ शोधायचा. ताई तळघरात स्क्रू आवळत, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबून ते बनवायची. या खेपेला त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, शंभर गिगापास्कल दाब दे, नायट्रोजनने ठासून भरलेला, आजवर कुणी न पाहिलेला पदार्थ तयार होईल. छातीठोकपणा त्याच्या अंगातच होता. मागे त्याच्या व्याख्यानाला दोनशे लोक आले होते म्हणे. ताईने मोजले तर वीस भरले, त्यांतही दोघे घोरत होते.

"अरे, शंभरच्या कितीतरी आधीच काहीतरी पिवळं दिसतं," ताई म्हणाली.

"कचरा असेल. तू स्क्रू आवळत राहा. माझं गणित चुकत नाही."

ताईने शेवटची जोडी बसवली. धाकटा ऐटीत वर गेला आणि शोधनिबंधाला आकडे हवेत म्हणून त्याने गणिताची मूळ फाईल उघडली. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. प्रोग्रामला दाब किलोबारमध्ये द्यावा लागतो, आणि दहा किलोबार म्हणजे कुठे एक गिगापास्कल. याने गिगापास्कल समजून शंभर भरले होते. म्हणजे पदार्थ दहा गिगापास्कललाच बनणार होता. दर वेळी बनतही असणार, आणि शहाण्याने त्याला कचरा म्हटलं होतं!

तो जिन्यावरून धावत सुटला. एक चप्पल वाटेतच राहिली.

"ताई, थांब! आवळू नकोस!"

ताई पाय पसरून आरामात बसली होती. हिरे शाबूत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यामध्ये एक पिवळा कण चमकत होता.

"दहावरच थांबलेय मी केव्हाची," ती म्हणाली.

त्याला आनंदाने रडूच कोसळायचं बाकी होतं. "पण मी दहापट चुकलोय, हे तुला कळलं कसं?"

"अगंबाई, खरंच चुकलास होय?" ताई म्हणाली. "मला काय ठाऊक! म्हटलं, शेवटची जोडी आहे, घरची रीत पाळावी. आई काय अन् मी काय, तुझा प्रत्येक आकडा लहानपणापासून दहाने भागूनच ऐकतो."