वीस फुटी कमान

खाणीच्या फाटकावर साहेबानं मुलीची गुणपत्रिका परत केली. "गणितात नापास. डंपरच्या ट्रेनिंगला चालणार नाही. झाडूकाम आहे, बघा."

"गणिताले मास्तरच नव्हता ना, बाबा," ती हळूच म्हणाली.

काशीराम मडावीनं मान खाली घातली. तो सरपंच असताना खाणीचा निधी आला होता. शाळेला मास्तर ठेवायचा, की वेशीवर कमान बांधायची? शेजारच्या गावाची कमान अठरा फुटी होती. ग्रामसभेत वीस फुटी कमानीसाठी पहिला हात त्यानंच वर केला.

सोमवारी मुलगी झाडू घेऊन निघाली. कमानीच्या खांबावर बापाचं नाव कोरलेलं होतं. थांबून तिनं त्यावरची लाल धूळ ओढणीनं पुसली. लांबून बघणाऱ्या काशीरामला वाटलं, त्यापेक्षा पोरीनं दगड मारला असता तर बरं झालं असतं.