दोन युगेरमचा तुकडा

"मिस, रोमन बाप मेला की जमीन मुलीलाही मिळायची का, का सगळी भावालाच?"

मेहेकने विचारलंच. मागच्या बाकावर सानियाने तोंडात ओढणी कोंबली आणि नूपुरने कपाळाला हात लावला. पैज दोघींनीच लावली होती. गणिताच्या तासाला हे विचारून दाखव, एक शावर्मा तुझा! मागच्या वर्षी हीच मेहेक हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा कुजबुजत म्हणायची.

मधुमती मिस रागावल्या नाहीत. "बापाने मृत्युपत्र केलं नसेल, तर घरातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा. दोन हजार वर्षांपूर्वी! आणि प्रोजेक्टला तू जी जमीन घेतलीयस, ती कुणाच्या नावावर आहे गं?"

"अब्बांच्या!" मेहेक ठणकावून म्हणाली.

"कागदावर बघितलंस?"

बघितलं नव्हतं.

प्रोजेक्ट सोपं होतं. कुठलीही ओळखीची जमीन घ्यायची आणि तिची मीटरमधली मापं रोमन मापांत बसवायची. सौदीतल्या दम्मामच्या तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठली? मेहेकने अब्बांच्या मोबाइलमधून रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागेचा मोजणीचा नकाशा उचलला. सरळ चौकोन, एकाहत्तर मीटर बाय एकाहत्तर. रोमन बैलजोडी एका दमात नांगर ओढायची ते अंतर म्हणजे एक अ‍ॅक्टस, साडेपस्तीस मीटर. प्रत्येक बाजूला बरोब्बर दोन बसले. म्हणजे चार चौरस अ‍ॅक्टस. दोन चौरस अ‍ॅक्टसचा एक युगेरम, म्हणून क्षेत्रफळ दोन युगेरम. एवढ्या तुकड्याला रोमन म्हणायचे हेरेडियम, वारसाकडे जाणारी जमीन. इतकं चोख गणित तिला आयुष्यात पहिल्यांदा सुटलं होतं. म्हणून तर ती वर्गात एवढी शेर झाली होती.

घरी आल्या आल्या तिने दप्तर फेकलं आणि अब्बांच्या मोबाइलमध्ये नकाशाच्या पुढचं पान उघडलं. सातबारा. नावं दोन होती. हाशम, म्हणजे अब्बा. आणि रुकय्या, म्हणजे फुफी, अब्बांची बहीण. त्याच्या पुढचं पान हक्कसोडपत्र. फुफीच्या नावासमोर सहीची जागा कोरी.

फुफी उद्याच खमीस मुशैतहून येणार होती. तिच्यासाठी अम्मी ओट्याशी सांदणं वाफवत होती.

"बरं झालं, तूच उघडलंस," अब्बा म्हणाले. त्यांच्या घरात मराठी बोलायचे सगळे. वाचता मात्र फक्त मेहेकला यायचं. "आम्ही सगळे उर्दू शाळेतले. तुला हिंदीमुळे ही अक्षरं येतात. शुक्रवारी फुफीची सही आहे, त्याआधी तिला कागद वाचून दाखव. म्हणजे काय, बांधाचा कागद आहे म्हणायचं. खलास."

"बांधाचा? अब्बा, यात लिहिलंय की ती हिस्सा सोडतेय. कायमचा!"

"आपल्यात बहिणी हिस्सा घेत नाहीत. घेतला की माहेर तुटतं. तिच्या लग्नात मी काय कमी केलं, सांग?"

मेहेकने वहीतला चौकोन त्यांच्यापुढे सरकवला आणि पट्टी धरून त्यात एक रेघ मारली. "तुमच्या अब्बांच्या मागे तुम्ही दोघंच. शरियतने तिचा तिसरा हिस्सा. ऐंशी रोमन फूट रुंद, दोनशे चाळीस लांब. तुमच्या मीटरात जवळजवळ चोवीस बाय एकाहत्तर. किती कलमं येतात हो त्यात?"

"तुझे रोमन शाळेत ठेव," अब्बांचा आवाज चढला. "मोठी आलीय तलाठीण! तोंड बघा किती चालतंय."

"चालू दे की," अम्मी म्हणाली.

ती ओट्याकडून वळलीसुद्धा नाही. झाकणीखालून वाफ येत होती, तिकडेच बघत होती.

"मीपण केली होती सही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात. भाईजान म्हणाले, रेशन कार्डाचा कागद आहे."

अब्बा बघतच राहिले. वीस वर्षांच्या संसारात हे ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी मोबाइल उचलला, पुन्हा खाली ठेवला.

मेहेक उठून उभी राहिली. आवाज वर्गातलाच निघाला.

"ऐका दोघं. उद्या फुफीला कागद मीच वाचून दाखवणार. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तिच्या हिश्शावर बोट ठेवून. मग सही करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल. आणि परवा मी मामूंना फोन लावणार. अम्मीच्या कागदाचा फोटो पाठवा म्हणून."