कोरं फावडं

तिसरी गाय गाभडली तेव्हा डॉक्टर गोठ्यातल्या कुत्र्याकडे बघत म्हणाले, “व्यालेल्या गाईची वार खातो का हा? त्यातला परजीवी याच्या विष्ठेतून चाऱ्यात उतरतो आणि गाभ पडतो.” “छे! वार आमचे भाऊजी खोल पुरतात,” मोठी सून ठासून म्हणाली. त्यासाठी तिनं नवंकोरं फावडं आणलं होतं. दर वेळी दीर ते खांद्यावर घेऊन गोठ्यामागे जायचा, घाम पुसत परतायचा, आणि ती हातातलं काम टाकून त्याला चहा द्यायची. वर तोच सुनावायचा, “वहिनी, तुमच्या चाऱ्यातच खोट आहे!” पडलेला गाभ पुरायला आज तिनं स्वतःच फावडं उचललं. पात्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं; मातीचा कणही नव्हता. “द्या वहिनी, मी पुरतो,” दीर लगबगीनं म्हणाला. “राहू द्या भाऊजी. तुमचा वार खोल गेलाय.”